धरमसीचं कारंजं

आपल्या आलापल्लीहून भामरागडकडे गेलं की माडिया लोक मृतांच्या आठवणीत दगड उभे करतात, हे आपल्याला ठाऊक आहे. मुंबईला जाल तेव्हा अशीच आठवण जपणारं, फोर्टमध्ये मिंट रोडवरचं मुळजी जेठा कारंजंही बघा. कापसाचे व्यापारी रतनसी मुळजी यांचा एकुलता एक मुलगा धरमसी पंधराव्या वर्षी गेला. त्याच्या स्मृतीसाठी वडिलांनी १८९४ च्या सुमारास ते उभारलं. आराखडा बोरीबंदर स्टेशनवाल्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा. खाली प्राण्यांच्या तोंडांतून पाणी पडतं. सर्वांत वर पुस्तकात रमलेला मुलगा, म्हणजे धरमसी. वाचणारा मुलगा निवडला, हे मला फार भिडतं. कारंज्याचा जीर्णोद्धारही झालाय. मान वर करून बघा, नाहीतर तो मुलगा दिसतच नाही!