पुस्तकी किंमत १,१२० रुपये

३१ मार्च २०२५ रोजी आमच्या ऑफिसातल्या एका लॅपटॉपची पुस्तकी किंमत १,१२० रुपये उरली होती. घेतला तेव्हा तो ५०,०००चा होता. आयकराच्या हिशेबात संगणकावर दरसाल उरलेल्या किमतीच्या ४० टक्के घसारा मिळतो. पहिल्या वर्षी वापर १८० दिवसांहून कमी झाला, तर निम्माच. आम्ही तो दिवाळीत घेतला आणि २०१७चं लक्ष्मीपूजन १९ ऑक्टोबरला होतं, त्यामुळे त्या वर्षी २० टक्क्यांवर भागवावं लागलं. पार्ट्यांना आम्ही ‘खरेदी सप्टेंबरअखेर उरका’ असं बजावत असतो. पण दिवाळीच्या ऑफरआधी लॅपटॉप घेणारा करसल्लागार मी तरी नाशिकच्या गंगापूर रोडवर पाहिलेला नाही.

जुन्या गंगापूर नाक्यापासून जेहान सर्कलपर्यंत, दुकानांच्या वरच्या मजल्यांवर आमच्यासारखी ऑफिसं आहेत. पार्टी म्हणजे दिंडोरी-निफाडकडचे द्राक्ष व्यापारी, क्लासवाले, डॉक्टर, हॉटेलवाले. १ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला आणि दर महिन्याच्या २० तारखेला, म्हणजे विवरण भरायच्या दिवसाला, नवा अर्थ आला. एका टेबलावर एक डेस्कटॉप आणि त्याभोवती तिघं, हे गणित मग जमेना.

तेव्हा लॅपटॉप कसा निवडला? स्क्रीन १५.६ इंची, कारण त्याशिवाय उजवीकडे नंबरपॅड मिळत नाही, आणि दिवसभर आकडे मारणाऱ्याला नंबरपॅडशिवाय बसवणं म्हणजे शिक्षा. लॅनचं पोर्ट हवं. डिजिटल सहीच्या टोकनसाठी जुन्या पद्धतीची यूएसबी हवी. टॅली चालली पाहिजे. हार्ड डिस्क एक टीबी, कारण आकडा मोठा. प्रोसेसरबद्दल प्रश्न एकच: “आय-फाइव्ह आहे ना?” होता. पण त्या दिवाळीत बाजारात इंटेलचे दोन आय-फाइव्ह शेजारीशेजारी मांडलेले होते. सातव्या पिढीचा ७२००यू दोन कोरचा, नुकताच आलेला आठव्या पिढीचा ८२५०यू चार कोरचा. आम्ही सातवा घेतला. खालच्या मजल्यावरच्या सीए साहेबांनी महिनाभरानं आठवा घेतला. दोन्हींवर बाहेरून चिकटवलेलं नाव सारखंच होतं.

दोनेक वर्षांत आमचा रखडू लागला. सकाळी बटण दाबून चहा घेऊन यायचं, तरी डेस्कटॉप दिसत नसे. नवा घ्यायचा विचार पक्का झाला होता, तेवढ्यात दुरुस्तीवाल्यानं मागचं झाकण उघडून सांगितलं, “साहेब, मशीन ठणठणीत आहे. डिस्क दमलीय.” दोन-तीन हजारांची एसएसडी बसली. डीव्हीडी ड्राइव्ह कोणी वापरतच नव्हतं. ते काढून तिथं कॅडीत जुनी हार्ड डिस्क घातली. रॅमचा दुसरा खाचा रिकामा होता, त्यात आणखी चार जीबी आले. अर्ध्या तासाचं काम, एक स्क्रू-ड्रायव्हर, आणि लॅपटॉप नव्यापेक्षा वेगवान. त्या काळाची आठवण काढावी ती याच गोष्टीसाठी: झाकण उघडत होतं.

२५ मार्च २०२०ला टाळेबंदी लागली आणि ही यंत्रं घरोघरी गेली. लॅपटॉपला एकाएकी भाव आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ॲपलचा एमवन प्रोसेसर आला. एका पार्टीच्या मुलानं पंख्याशिवाय चालणारा मॅकबुक एअर आणून दाखवला, आम्ही कौतुक केलं, आणि टॅली त्याच्यावर थेट चालत नाही म्हटल्यावर विषय मिटला.

ऑक्टोबर २०२१मध्ये विंडोज ११ आली आणि खरी वाटणी तेव्हा झाली. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी. खालच्या मजल्यावरचा पास, आमचा नापास. विंडोज १०ला अजून चार वर्षं होती, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. ३ ऑगस्ट २०२३ला लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट आली तेव्हा मात्र दिवसभर फोन सुरू होते, ‘आत्ताच घेऊन टाकू का?’ दुसऱ्याच दिवशी ती अट १ नोव्हेंबरपर्यंत पुढं गेली आणि नंतर बरीच सौम्य होऊन आली.

मग २०२५. विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर. अमेरिकेत बसून तारीख ठरवणाऱ्यांना आमचा ऑडिटचा हंगाम कसा माहीत असणार? ऑडिट अहवालाची ३० सप्टेंबर आधी ३१ ऑक्टोबर झाली, मग १० नोव्हेंबर. अशा दिवसांत चालतं यंत्र कोण हलवतो? घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट आणखी एक वर्ष मिळणार होते. पण आमच्याकडे लोकांचे पॅन, आधार, बँकांचे उतारे, शिवाय त्यांच्या डिजिटल सह्या असतात. टेकूवर चालवायची ही जागा नव्हे. २२ सप्टेंबरला जीएसटीचे दर उतरले तेव्हा ‘लॅपटॉप स्वस्त झाला का?’ हेही पुष्कळांनी विचारलं. मोठे टीव्ही आणि एसी २८वरून १८वर आले. लॅपटॉप आधीपासूनच १८वर होता, तिथंच राहिला.

दुकानात पाहिलं तर जग बारीक झालं होतं. १४ इंची, सडपातळ, एआयचं स्टिकर. लॅन नाही, नंबरपॅड नाही, रॅम मदरबोर्डलाच डाख देऊन बसवलेली. एआयचं काय करायचं हे विक्रेत्यालाही नीट सांगता येईना. दुसरी वाट होती कंपन्यांतून भाड्याची मुदत संपून आलेल्या जुन्या मालाची. २०१८चा थिंकपॅड टी५८० मला अजूनही मनापासून आवडतो: नंबरपॅड, लॅन, रॅमचे दोन खाचे, मागून निघणारी बॅटरी. पण तो आठव्या पिढीचा, म्हणजे विंडोज ११च्या यादीच्या अगदी काठावरचा. पुढची यादी येईल तेव्हा कात्री कुठं लागेल? घरच्या वापराला मी तो खुशाल घेतला असता. ऑफिससाठी नाही घेतला.

शेवटी नवाच, पण जाडजूड घेतला. १५.६ इंची, लॅन असलेला, रॅमचा एक खाचा मोकळा. दिसायला २०१७चाच वाटतो, आणि ऑफिसातल्या मुलांनी त्यावरून चेष्टाही केली. तो खाचा मी घेतानाच भरून टाकला. दिवाळीनंतर रॅमचे भाव चढले, तेव्हा ते बरंच झालं.

जुना भंगारात गेलेला नाही. जीएसटी कायद्यानं हिशेब वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. २०१७-१८च्या विवरणाची तारीख लांबत लांबत फेब्रुवारी २०२०वर गेली होती, म्हणजे तो डेटा फेब्रुवारी २०२६पर्यंत, आणि पुढच्या वर्षांचा त्याहून पुढं. नव्यावर त्याच्या प्रती आहेतच, तरी जुन्या टॅलीतून थेट उघडून पाहायची सोय राहावी म्हणून तो इंटरनेटपासून तोडून कपाटाशेजारच्या टेबलावर ठेवलाय. बॅटरी फुगू नये म्हणून काढून टाकली आहे, चार्जर लावला की सुरू होतो.