कोंभाळण्याचं बी, पार्ल्याची पिशवी

वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे आणि मग कोमट पाण्यात घालून एकेक सोलायचा. डाळिंब्यांची उसळ करण्याची ही रीत मुंबईत, पार्ल्यातल्या अनेक स्वयंपाकघरांत अजून टिकून आहे. पण वाल कुठल्या गावचे, कुठल्या वाणाचे, हे सोलणाऱ्या हातांना सहसा ठाऊक नसतं. पिकवणाऱ्या बाईचं नाव तर फार लांबची गोष्ट.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई सोमा पोपेरे यांचं नाव मात्र सगळ्यांना माहीत झालं. महादेव कोळी समाजातल्या राहीबाई कधी शाळेत गेल्या नाहीत; शेतीचे धडे त्यांना वडिलांकडून मिळाले. घरातली नातवंडं सारखी आजारी पडू लागली, तेव्हा विकतचं संकरित बियाणं आणि त्यामागून येणारी खतं-औषधं यांवर त्यांचा संशय बळावला आणि त्या गावरान बी जमवू लागल्या. मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला १९६७ मध्ये उभ्या केलेल्या ‘बायफ’ संस्थेची त्यांना साथ मिळाली. भात, वाल-घेवडा, नागली, कडधान्यं, तेलबिया अशा १७ पिकांचे ४३ वाण त्यांच्याकडे गोळा झाले. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना ‘सीड मदर’ म्हटलं, मराठीत त्या ‘बीजमाता’ झाल्या. २०१८ मध्ये ‘बीबीसी’च्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

हा गौरव योग्यच आहे. पण त्यामागचं काम आपण नीट पाहिलेलं नाही, असं मला वाटतं. मातीची भांडी, बांबूच्या विणलेल्या टोपल्या यांना आपण हस्तकला म्हणतो. त्यांच्यात ठेवलेलं बी हेही तितकंच हातांचं काम आहे. वेलीवरच्या सगळ्यात भरदार, निरोगी शेंगा खाण्यासाठी तोडायच्या नाहीत, बियाण्यासाठी राखायच्या. म्हणजे घरात भाजीला काही नसलं तरी त्यांना हात लावायचा नाही. त्या वेलीवरच वाळल्या की फोडायच्या, बी उन्हात सुकवायचं, किडकं-सुरकुतलेलं वेचून बाजूला काढायचं. मग चुलीची चाळलेली राख चोळून मडक्यात भरायचं आणि तोंड शेणामातीने लिंपायचं. राखेचे बारीक कण दाण्यांमधल्या फटी भरतात, किड्याला हिंडायला जागा उरत नाही. शिवाय त्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडला जाऊन तो कोरडा पडून मरतो. ओलावा मात्र राहता कामा नये. तो राहिला की बुरशी धरते आणि वर्षाची मेहनत वाया जाते.

संकरित बियाण्याचं गणित वेगळं. दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून आलेलं पहिलं पीक जोरदार असतं, पण त्याचंच बी पुन्हा पेरलं तर झाडं एकसारखी येत नाहीत, म्हणून दर हंगामाला दुकान गाठावं लागतं. भात आणि वाल मुख्यतः स्वतःच्याच परागावर फळतात, त्यामुळे गावरान वाण घरच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या राखता येतो. मक्याचं तसं नाही. त्याचा पराग वाऱ्यावर जातो, म्हणून दोन वाण लांब लांब पेरावे लागतात. राहीबाई बी देतात ते परत दुप्पट द्यायच्या बोलीवर. या व्यवहाराला भांडवल लागत नाही आणि गावोगावच्या बायका त्यात सामील होऊ शकतात. राहीबाईंपासून स्फूर्ती घेणं म्हणजे फोटो काढणं नव्हे, आपल्या परसात एक वाण सांभाळणं, हे त्या बायकांना बरोबर कळलं आहे.

अडचण पुढे येते. मडक्यातलं बी म्हातारं होतं. उगवण घटत जाते, म्हणून ते ठरावीक काळाने पुन्हा शेतात उतरवावंच लागतं. त्यासाठी जमीन अडते, मजुरी लागते. पुरस्काराने हा खर्च भागत नाही. वाण खाणारा कुणीतरी असला, तरच तो शेतात राहतो. काळभातासारखा सुवासिक तांदूळ कमी उतारा देत असेल तर तो लावायचा कुणासाठी, हा शेतकरी बाईचा प्रश्न रास्त आहे.

इथे पार्लं कामाला येऊ शकतं. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचं मुख्यालय पार्ल्यातच, ‘ग्राहक भवन’मध्ये आहे. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याच्या सामानाची मागणी आधी नोंदवायची, घाऊक खरेदी करायची आणि आलेला माल आपसांत वाटून घ्यायचा, ही तिची रीत. दिवाळीच्या तोंडावर पार्ल्याच्या सभागृहांत उद्योजिकांची प्रदर्शनंही भरतात. तिथे आपण हौसेने एक पिशवी नागली घेतो आणि पुढल्या दिवाळीपर्यंत विसरून जातो. प्रदर्शनाने ओळख होते. घर चालतं ते नेमाने होणाऱ्या खरेदीवर. आधी नोंदवलेली मागणी ही शेतकरी बाईला कौतुकाच्या भाषणापेक्षा कितीतरी मोलाची, कारण त्यावर तिला पेरणी ठरवता येते.

गॅलरीत गावरान घेवडा लावणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगायला हवी. यातले बरेचसे जुने वाण दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलतात. आषाढात लावलेला वेल भाद्रपदात नुसताच पानांनी भरला, तर तो उपटू नका. थंडी पडली की शेंगा धरतील. आणि तांदूळ हवा असेल तर दिवाळीपर्यंत थांबू नये. भाताचं बी जूनमध्ये रोपासाठी टाकतात, तेव्हा वीस-पंचवीस घरांची एकत्र मागणी अक्षय्य तृतीयेच्या सुमारासच पिकवणाऱ्या बायकांकडे पोचलेली बरी, भावासकट.