पीएसए उतरला, पण माणूस का खचला? प्रोस्टेट कॅन्सरच्या हार्मोन उपचारात काय सांभाळाल

बेळगाव : रिपोर्टमधला पीएसएचा आकडा खाली आला की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. इंजेक्शन घेणारा माणूस मात्र थकलेला, चिडचिडा, रात्री घामाने भिजून उठणारा. ‘वय झालं’ म्हणून हे सोडून देऊ नका. यातला बराच भाग उपचाराचा परिणाम असतो आणि त्यावर उपाय आहेत.

प्रोस्टेटचा कॅन्सर बहुधा टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसतो. हे हार्मोन तोडलं की रोग मागे हटतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज हे काम ल्युप्रोलाइड, गोसेरेलिनसारखी इंजेक्शनं करतात. अंडकोशाचं ऑपरेशन हा दुसरा मार्ग. ते एकदाच होतं, एकूण खर्चही कमी येतो. पण झालेलं परत फिरवता येत नाही.

हार्मोन घटलं की बायकांना पाळी जाताना होतं तसं अंग अचानक तापतं. स्नायू कमी होतात, पोट सुटतं, हाडं ठिसूळ होतात. शुगर आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. लैंगिक इच्छा जाते, मन उदास होतं. नवरा-बायकोत नेमकं याच गोष्टीवर कुणी बोलत नाही आणि दुरावा वाढतो. हा औषधाचा परिणाम आहे, माया आटल्याचा नव्हे, हे दोघांनाही माहीत हवं. डॉक्टरांकडे शक्यतो दोघांनी मिळून जावं.

सगळ्यात उपयोगी पडतो तो व्यायाम. रोज चालणं, आणि जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून उठबस किंवा हलकी वजनं उचलणं. रोग हाडांत पोचला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हाडांची डेक्सा तपासणी, शुगर, कोलेस्टेरॉल, बीपी वेळच्या वेळी बघा. कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व सल्ल्यानेच घ्या. तंबाखू, विडी बंद. अंग तापण्यावरही गोळ्या मिळतात.

त्रास होतो म्हणून इंजेक्शन मनानेच चुकवू नका. काहींना मध्ये खंड देऊन उपचार चालतो, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. पाठ एकाएकी दुखू लागली, पाय लुळे पडले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आपल्याकडचे पुष्कळ रुग्ण उपचारासाठी मिरज, कोल्हापूरला जातात. राज्य बदललं की सरकारी योजनेचे नियमही बदलतात, त्यामुळे कार्ड चालतं का हे आधी विचारा. इंजेक्शनच्या तारखा आणि सगळे रिपोर्ट एकाच फाइलीत ठेवा. उपचाराचा हिशेब नुसत्या पीएसएवर मांडू नका; झोप, ताकद आणि मन हेही त्यात धरा.