जिंकला तर आपला

१४ जानेवारी २०२३. संक्रांतीची आदली संध्याकाळ. पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती लागली. एकीकडे सोलापूरचा महेंद्र गायकवाड, दुसरीकडे नांदेडचा शिवराज राक्षे. हात मिळाले, आणि लोक सावरून बसतात न बसतात तोच मिनिटभराच्या आत महेंद्र पाठीवर होता. चांदीची गदा, थार गाडी आणि पाच लाखांचं इनाम शिवराजला मिळालं.

नांदेडात त्या रात्री मोबाइलवर एकच ओळ फिरत होती : ‘नांदेडचा पठ्ठ्या महाराष्ट्र केसरी’. दुसऱ्या दिवशी तिळगूळ घ्यायला आलेल्या मंडळीत एकानं शांतपणे विचारलं, “नांदेडात कुठला हो? लोह्याचा का कंधारचा?” कुणालाच सांगता येईना. शेवटी एका जाणत्यानं सांगून टाकलं, की शिवराज पुणे जिल्ह्यातला, राजगुरुनगरजवळच्या राक्षेवाडीचा; नांदेडच्या नावावर खेळला. क्षणभर सगळे गप्प. मग तिळाचा लाडू फोडत एक काका म्हणाले, “मग काय झालं? आपल्या नावावर खेळला म्हणजे आपलाच. कामून नाही?”

त्या ‘कामून नाही?’चं उत्तर शोधत हा लेख लिहितो आहे. माझं मूळ गाव लातूरकडचं आणि पोटापाण्याचं गाव नांदेड, त्यामुळे दोन्हीकडचे वाद ऐकायला मिळतात. लातूरच्या लोकांचं म्हणणं तर आणखी वेगळं. ते म्हणतात, “गदा नांदेडची नाही आणि पुण्याचीही नाही. वस्ताद कोण? काका पवार. काका कुठले? आमचे.” हेही खरंच आहे. लातूर जिल्ह्यातून गेलेल्या, अर्जुन पुरस्कार मिळवलेल्या काका पवारांचं कात्रजचं कुस्ती संकुल हेच शिवराजचं घर. गंमत अशी, की त्या संध्याकाळी हरलेला महेंद्रही त्याच संकुलातला. म्हणजे कुस्ती सोलापूर विरुद्ध नांदेड अशी पुकारली गेली, आणि झाली एकाच घरातल्या दोन पोरांमध्ये.

नाव जिल्ह्याचं, अंग तालमीचं

महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा १९६१ मध्ये मराठवाड्यातच, औरंगाबादला झाली. दिनकर दह्यारी जिंकले. स्पर्धेची रचना जिल्ह्यांवर बेतलेली आहे. माती आणि गादी असे दोन विभाग, प्रत्येक जिल्ह्याचा चमू, आणि शेवटी मातीतला विजेता विरुद्ध गादीवरचा विजेता. पण पैलवान घडतो तो जिल्ह्यात नव्हे, तालमीत. आणि मोठ्या तालमी मोजक्याच शहरांत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचं मैदान उभं राहिलं, आणि मराठी मुलखातला प्रत्येक होतकरू पोरगा वळकटी बांधून तिकडे निघाला. पुढं पुण्याच्या तालमींनीही तेच केलं.

आता एका तालमीत केसरीच्या गटाचे चार-पाच तगडे गडी असले आणि त्या जिल्ह्याच्या जागा मोजक्याच असल्या, तर बाकीच्यांनी काय करायचं? ज्या जिल्ह्यात जागा मिळेल तिथून उतरायचं. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळचा, कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडलेला सिकंदर शेख शिवराज जिंकला त्या वर्षी वाशिमकडून उतरला होता. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याचा हर्षवर्धन सदगीर नाशिककडून खेळला. यात लबाडी काही नाही. ज्या जिल्ह्याला मोठा पैलवान नाही त्याचं नाव पुकारलं जातं, आणि ज्या पैलवानाला जागा नाही त्याला जागा मिळते. या व्यवहारात निष्ठेचा शब्दही कुणी उच्चारत नाही. तो उच्चारतो आपण, बघणारे.

अमेरिकेत किंवा आयपीएलमध्ये खेळाडू संघाशी करारानं बांधलेला असतो. मातीतल्या पैलवानाला बांधणाऱ्या दोऱ्या तीन-चार असतात आणि त्या वेगवेगळ्या दिशांना ओढतात. जन्म दिलेलं गाव एक, खुराकाला पैसे धाडणारे कुणी वेगळे, डाव शिकवणारा वस्ताद तिसरीकडे आणि छातीवरचं नाव चौथीकडचं. यातली कुठली दोरी खरी?

वस्तादाचं ऋण

लातूरकरांना या प्रश्नाचं उत्तर विचारलं की ते एकच नाव घेतात : हरिश्चंद्र बिराजदार. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचा हा मुलगा कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडला, १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाला आणि पुढच्याच वर्षी एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला. उत्तरेच्या सतपालबरोबरची त्यांची कुस्ती अजून म्हातारी माणसं हातवारे करून सांगतात. खेळ संपल्यावर ते गावी परतले नाहीत. पुण्यातल्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद म्हणून बसले आणि २०११ मध्ये जाईपर्यंत पोरं घडवत राहिले. काका पवार त्यांचेच पठ्ठे.

बिराजदारांचा जिल्हा कोणता, हा प्रश्नही मजेचा आहे. ते जन्मले तेव्हा, १९५० साली, निलंगा तालुका निजामाच्या जुन्या संस्थानातल्या बीदर जिल्ह्यात होता. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत तो उस्मानाबादला जोडला गेला. म्हणजे ते महाराष्ट्र केसरी झाले तेव्हा कागदोपत्री उस्मानाबादचे. लातूर जिल्हा जन्माला आला १६ ऑगस्ट १९८२ रोजी. गाव जागचं हललं नाही आणि जिल्हे मात्र तीन झाले. आज ‘लातूरचा वाघ’ म्हणून आम्ही त्यांचा फोटो लावतो तेव्हा यातलं काही आठवत नाही, आणि आठवायची गरजही नाही.

त्यांचा आणखी एक पठ्ठा बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे. वस्ताद गेल्यावर तो काका पवारांकडे आला. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं ५७ किलो गटात सुवर्ण मिळवलं आणि ते पदक दिवंगत बिराजदारांना अर्पण केलं. वस्तादाला जाऊन सात वर्षं होत आली होती. कुठल्याही कागदावर सही नव्हती. कुस्तीतली निष्ठा कशाला म्हणतात, हे बघायचं असेल तर तो प्रसंग बघावा.

आणि दुसरा प्रसंग जानेवारी २०२०चा, बालेवाडीचा. अंतिम कुस्तीत लातूरचा शैलेश शेळके विरुद्ध नाशिकचा हर्षवर्धन सदगीर. दोघंही काका पवारांचेच. आमच्याकडे त्या रात्री अर्धं गाव टीव्हीपुढं. शैलेश ३-२ असा निसटता हरला. लातूरकरांच्या तोंडची चव गेली. आणि तेवढ्यात जिंकलेल्या हर्षवर्धननं हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचललं आणि मैदानात फिरवलं. गदा ज्याला मिळाली तोच हरलेल्याला मिरवतो आहे, हे बघून आमच्या टीव्हीपुढची आरडाओरड थांबली. रोज सकाळी एकाच आखाड्यात एकमेकांच्या अंगावर माती टाकणाऱ्या दोघांना जिल्ह्याचं काय कौतुक?

कागद नसला तर

इथवर वाचून वाटेल, की कराराच्या खेळांपेक्षा आपली तालीम बरी. थोडं थांबा. आधी करारांचंच बघू.

अमेरिकेत बेसबॉलच्या करारांत कित्येक दशकं एक कलम होतं. खेळाडूचा करार संपला तरी त्याच्यावरचा हक्क मालकाकडेच राहायचा. मालकाला वाटलं तर ठेवायचा, वाटलं तर दुसऱ्या संघाला देऊन टाकायचा. कर्ट फ्लड हा कृष्णवर्णीय खेळाडू बारा हंगाम सेंट लुईसच्या संघाकडून खेळला. १९६९ मध्ये त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. त्यानं जायला नकार दिला, आपण विकायचा माल नाही असं बेसबॉलच्या आयुक्तांना कळवलं आणि कोर्टात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. त्याची कारकीर्द तर आधीच संपली होती. पण त्यानं लावलेल्या धक्क्यानंतर तीनच वर्षांनी, डिसेंबर १९७५ मध्ये, लवादाच्या निर्णयानं ते कलम मोडीत निघालं. आज शोहेई ओहतानी दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा करार करतो, हुआन सोतो यांकीज सोडून त्याच न्यूयॉर्कच्या मेट्सकडे ७६.५ कोटींवर जातो, आणि जुने चाहते त्याची हुर्यो उडवतात. हुर्यो उडवणाऱ्यांना आवडत्या खेळाडूनं कायम राहावं असं वाटतं. कर्ट फ्लड बारा वर्षं राहिला होता. त्याच्यासाठी संघ किती राहिला?

आपल्याकडेही हेच. २०१० मध्ये रवींद्र जडेजा राजस्थान संघाशी बांधलेला असताना इतर संघांशी बोलणी केली म्हणून आयपीएलचा अख्खा हंगाम बाहेर बसला. पुढं तोच चेन्नईचा लाडका झाला. २०२३ची अंतिम लढत त्यानं शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार-चौकार मारून जिंकून दिली. आणि २०२५च्या नोव्हेंबरात संघांनी आपसांत अदलाबदल केली आणि जडेजा पुन्हा राजस्थानकडे. खेळाडूनं दुसरीकडे बोलणी केली तर गुन्हा. संघांनी खेळाडूंची अदलाबदल केली तर व्यवहार. २०२३च्या डिसेंबरात मुंबईनं पाच विजेतेपदं मिळवून देणाऱ्या रोहित शर्माऐवजी हार्दिक पांड्याला कर्णधार केलं, तेव्हा आमच्या नांदेडच्या पोरांनीही मुंबईच्या संघाला शिव्या घातल्या आणि हार्दिकला त्याहून जास्त. सहा महिन्यांनी बार्बाडोसला विश्वचषकाचं शेवटचं षटक हार्दिकनं टाकलं आणि वानखेडेवर त्याच्याच नावाचा जयघोष झाला. प्रेक्षकाची निष्ठा किती दिवसांची, हेही त्यातून कळलं.

तरी क्रिकेटपटूच्या हाती कागद असतो. किती वर्षं, किती पैसे, हे त्यावर लिहिलेलं असतं. पैलवानाच्या हाती काय? यात्रेतल्या फडात नारळावर लढणारं पोर मोठं होतं, मग शंभराची, हजाराची, पुढं लाखाची जोड लागते. माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो की लातूरच्या सिद्धेश्वराची, हलगी कडाडते, इनाम पुकारलं जातं, जिंकलेल्याला लोक डोक्यावर घेतात. आणि एक दिवस गुडघा जातो. त्यानंतर बदाम, तूप, दुधाचा खर्च कोण करणार, याबद्दल कुणी काही लिहून दिलेलं नसतं. गाव पाच-दहा वर्षं पोसतं, तेही गावाच्या ऐपतीनं. शेतकऱ्याच्या घरचा पैलवान म्हणजे एका म्हशीचं दूध घरात न येणं, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.

म्हणून आमच्याकडचा पैलवान गदेपेक्षा नोकरीची वाट जास्त बघतो. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेले नरसिंग यादव आणि विजय चौधरी पोलीस खात्यात उपअधीक्षक झाले, राहुल आवारेही झाला. तालमीतल्या पोरांना हे आकडे आणि पदं तोंडपाठ असतात. गदा भिंतीवर टांगायची असते. घर चालतं ते पगारावर. हाच त्यांचा करार, फक्त तो सरकारशी असतो आणि मोजक्याच लोकांना मिळतो.

अहिल्यानगरची संध्याकाळ

२०२३च्या नोव्हेंबरात कुस्तीच्या दोन संघटनांच्या भांडणात एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाल्या. फुलगावला सिकंदर जिंकला, धाराशिवला शिवराज. दुसरी गदा मराठवाड्याच्या मातीत मिळाली, म्हणून नांदेडला पुन्हा आनंद.

मग आला २ फेब्रुवारी २०२५. अहिल्यानगरला गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत पुण्याच्या पृथ्वीराज मोहोळनं शिवराजला चीत केल्याचा निकाल पंचांनी दिला. आपली पाठ पूर्ण टेकलीच नव्हती, असं शिवराजचं म्हणणं. वाद वाढला, त्यानं पंचांना लाथ मारली आणि ते दृश्य साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. संघटनेनं तीन वर्षांची बंदी घातली.

दुसऱ्या दिवशी तिळगुळाची तीच मंडळी पुन्हा भेटली. “काय हो, तुमचा शिवराज!” कुणीतरी डिवचलं. ‘कामून नाही?’ म्हणणारे काका पेपर चाळत होते. ते म्हणाले, “आपला कशाचा? तो तर पुण्याकडचा.” सगळे हसले. काकाही हसले, पण त्यांनी पेपर बाजूला ठेवला नाही.

मला त्या हसण्यात आमचीच फजिती दिसली. दोन वर्षांत आम्ही त्याला काही दिलं नव्हतं. नाव दिलं, तेही कोरं होतं म्हणून. त्यानं ते गदेवर कोरून आणलं, तेव्हा मिरवलं. तो चुकला, तेव्हा खोडून टाकलं. करारात निदान दोन्ही बाजूंना सही असते. आमच्या निष्ठेवर फक्त त्याची सही होती.

मार्गशीर्षात माळेगावची यात्रा भरेल. नारळावरच्या कुस्तीत दहा-बारा वर्षांचं एखादं पोर उतरेल, पाठीला माती लागलेलं, लंगोट आपल्या मापापेक्षा मोठा. पुकारणारा त्याच्या गावाचं नाव घेईल. यंदा मी काकांना सोबत नेणार आहे. पोर जिंकलं की ते नक्की विचारतील, “कुठला हो?” त्यांना सांगणार आहे, ते आधी विचारू नका. आधी विचारा, रोज दूध मिळतं का.