मेंदूतले छाटणीवाले

ऐक चिमे, मेंदूतल्या सगळ्याच पेशी काही मेंदूत जन्मत नाहीत. बाळ आईच्या पोटात जेमतेम काही आठवड्यांचं असतं, तेव्हा त्याच्या पीतककोशात काही पेशी जन्मतात, मेंदूत शिरतात आणि तिथेच कायमचा मुक्काम ठोकतात. त्यांचं नाव मायक्रोग्लिया. स्पेनच्या पीओ देल रिओ ओर्तेगाने 1919 साली मेंदूचे काप चांदीच्या क्षाराने रंगवले आणि त्यांना वेगळी ओळख दिली.

"त्या करतात काय?"

गस्त घालतात. आणि छाटणी करतात. वाढत्या मेंदूत चेतापेशींच्या जोडण्या वारेमाप फुटतात. मायक्रोग्लिया त्यातल्या नको त्या खाऊन टाकतात. आपल्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीला काडी कुठे राखायची नि कुठे कापायची, यावरच सगळा हंगाम ठरतो ना, तसंच.

मात्र संकटाची चाहूल लागली, की त्याच पेशी फाटे आखडून फुगतात, तिखट रसायनं सोडतात. हा मेंदूतला दाह. 2005 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ऑटिझम असलेल्या 11 जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, तेव्हा या पेशी खवळलेल्या सापडल्या, लहान मेंदूत तर फारच.

"म्हणजे दाहामुळेच ऑटिझम होतो?"

एवढी घाई नको. मृत्यूनंतरचा मेंदू दाह आधी की जोडण्यांचा घोळ आधी, हे सांगत नाही. पण गरोदरपणाकडे बोट दाखवणारा पुरावा आहे. अमेरिकेत 1964च्या रुबेलाच्या साथीत ज्या बाळांना पोटातच संसर्ग झाला, त्यांच्यात ऑटिझम कितीतरी जास्त असल्याचं स्टेला चेस यांनी 1971 मध्ये नोंदवलं. म्हणून तर रुबेलाची लस! लशीनेच ऑटिझम होतो ही अफवा ऐकली, की माझं डोकंच फिरतं.

आता खरी गंमत ऐक. उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं, की गाभण मादीच्या शरीरात इंटरल्यूकिन-17 नावाचा रेणू वाढला, तर पिल्लांची वागणूक बदलते, ती इतरांशी फारशी मिसळत नाहीत. इकडे काही पालक सांगत होते, की ताप चढला की आमचं मूल नजरेला नजर देतं, जास्त बोलतं. 2020 साली शास्त्रज्ञांनी तशाच उंदरांच्या शरीरात संसर्गासारखी खळबळ उडवून पाहिली. ते खरोखरच इतरांत मिसळू लागले. मेंदूत हा बदल घडवणारा रेणू कोणता निघाला असेल?

"कोणता?"

तोच, इंटरल्यूकिन-17.