टॅब घेताय? रॅमच्या आकड्याआधी पानाची रुंदी बघा

दहावीचा निकाल लागला की अकरावीच्या प्रवेशासोबत घरात आणखी एक विषय निघतो. अभ्यासाला टॅब घ्यायचा का, आणि घ्यायचा तर कोणता? बजेट साधारण १० ते २० हजारांचे असते. खरेदी एकदाच होणार असते आणि बारावी, प्रवेश परीक्षा, जमल्यास पदवीचे पहिले वर्ष त्याच टॅबवर निघावे अशी अपेक्षा असते.

सेलच्या जाहिरातीत मात्र दिसते ते वेगळेच. ‘१२ जीबीपर्यंत रॅम’, ‘८००० एमएएच बॅटरी’, ‘५० टक्के सूट’. यातल्या एकाही आकड्यावरून पीडीएफमधली अक्षरे नीट वाचता येतील का, किंवा दोन वर्षांनी टॅब अडखळेल का, हे कळत नाही. ज्या गोष्टींवरून कळते त्या खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतात. त्या कोणत्या आणि कशा तपासायच्या, ते पाहू.

स्क्रीन किती मोठा हवा?

क्लासच्या नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, सराव परीक्षा हे सगळे बहुतेकदा ए-४ आकाराच्या पीडीएफमध्ये येते. ए-४ पानाची रुंदी २१ सेंटिमीटर. हे पान टॅबवर किती लहान होते, यावर टॅबचा अभ्यासातला उपयोग ठरतो.

८.७ इंची टॅब उभा धरला तर स्क्रीनची रुंदी सुमारे ११.३ सेंटिमीटर भरते. म्हणजे पान जवळपास निम्मे होते. छापील १२ पॉइंटचे अक्षर साडेसहा पॉइंटवर येते, औषधाच्या पाकिटावरच्या सूचनांसारखे. रसायनशास्त्रातल्या समीकरणांतले खालचे-वरचे आकडे वाचायला दर वेळी चिमटीने पान मोठे करावे लागते.

१६:१० प्रमाणाच्या ११ इंची टॅबची रुंदी सुमारे १४.८ सेंटिमीटर असते. तिथे तेच अक्षर साडेआठ पॉइंटच्या आसपास राहते, म्हणजे सवयीने वाचता येईल एवढे. ‘वनप्लस पॅड गो’सारख्या ७:५ प्रमाणाच्या ११.३५ इंची टॅबची रुंदी पावणेसतरा सेंटिमीटरपर्यंत जाते. ए-४ कागदाचे प्रमाणही जवळपास ७:५ च असल्याने पान स्क्रीनवर चपखल बसते.

सिनेमासाठी लांबट स्क्रीन हवा, असा एक समज आहे. प्रत्यक्षात या दोन्ही टॅबवर आडवे धरून दिसणारे चित्र साधारण सारख्याच आकाराचे असते. ७:५ स्क्रीनवर वर-खाली काळ्या पट्ट्या थोड्या जाड दिसतात, एवढाच फरक.

थोडक्यात, अभ्यास मुख्य असेल तर १०.५ इंचांच्या खाली उतरू नये. ८.७ इंची टॅब प्रवासाला, गोष्टीची पुस्तके वाचायला आणि व्हिडिओला सोयीचे आहेत.

आकारासोबत रिझोल्यूशनही बघावे. मोठ्या टॅबवर १९२० बाय १२०० हे किमान धरा. दहा इंची टॅबवर १२८० बाय ८०० असेल, तर देवनागरी जोडाक्षरांच्या कडा धूसर दिसतात.

‘१२ जीबीपर्यंत रॅम’ म्हणजे नेमके किती?

अनेकदा ती ४ जीबी असते. उरलेली ८ जीबी ‘व्हर्च्युअल रॅम’, म्हणजे स्टोरेजमधलीच काही जागा रॅमसारखी वापरायची सोय. स्टोरेजचा वेग खऱ्या रॅमच्या जवळपासही नसतो, त्यामुळे या वाढीव आकड्याने टॅब तेवढा वेगवान होत नाही. खोक्यावर ‘४+८’ असे लिहिले असेल, तर पहिला आकडा खरा.

एका बाजूला व्हिडिओ लेक्चर आणि दुसऱ्या बाजूला वही किंवा पीडीएफ असे स्क्रीन दुभागून वापरायचे असेल, तर खरी रॅम ६ जीबी असावी. ४ जीबीवर काम भागते, पण अ‍ॅप बदलताना मागचे अ‍ॅप बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्याहून कमी रॅमच्या वाटेला जाऊ नये.

स्टोरेजचा हिशेब सोपा आहे. ६४ जीबीच्या टॅबमध्ये सिस्टीम आणि आधीच भरलेली अ‍ॅप १५ ते २० जीबी घेतात. तासाभराच्या डाउनलोड केलेल्या लेक्चरला अर्धा जीबी धरला, तर शंभर लेक्चरना ५० जीबी लागतात. म्हणजे पहिल्याच सत्रात जागा संपते. मेमरी कार्ड टाकता येते, पण सगळीच अ‍ॅप आपली डाउनलोड कार्डावर ठेवू देत नाहीत. म्हणून १२८ जीबीच घ्यावे.

स्टोरेजचा प्रकारही विचारा. स्वस्त टॅबमध्ये ‘ईएमएमसी’ असते, त्याहून वेगवान ते ‘यूएफएस’. दोन टॅब सारख्या किमतीत असतील तर यूएफएसवाला निवडा. नव्या टॅबवर हा फरक जाणवत नाही. टॅब भरत आला की तो अ‍ॅप उघडताना आणि अपडेट होताना दिसतो.

ओटीटीवर चित्र धूसर का दिसते?

स्क्रीन फुल एचडी असूनही काही टॅबवर नेटफ्लिक्स किंवा प्राइम व्हिडिओचे चित्र धूसर दिसते. कारण स्क्रीनमध्ये नसते, प्रमाणपत्रात असते. चोरी रोखण्यासाठी ही अ‍ॅप गूगलची ‘वाइडवाइन’ यंत्रणा वापरतात. टॅबला ‘एल१’ दर्जा असेल तरच एचडी चित्र मिळते. ‘एल३’ असेल तर गाडी साधारण ४८०पीवर थांबते. प्ले स्टोअरवरचे ‘डीआरएम इन्फो’ हे मोफत अ‍ॅप टाकले की हा दर्जा लगेच कळतो.

अर्थात, घरात फक्त यूट्यूब बघितले जात असेल तर या दर्जाने फरक पडत नाही. नेटफ्लिक्सच्या १४९ रुपयांच्या मोबाइल प्लॅनमध्ये तर चित्र ४८०पीपर्यंतच मिळते. ते बघण्यासाठी जास्त पैसे मोजून एल१ शोधायची गरज नाही.

सिमवाला घ्यावा की वाय-फायवाला?

त्याच मॉडेलचा सिमवाला प्रकार साधारण दोन-तीन हजारांनी महाग पडतो, शिवाय दर महिन्याचे वेगळे रिचार्ज. घरी वाय-फाय असेल, किंवा विद्यार्थ्याकडे स्वतःचा फोन असून त्याचा हॉटस्पॉट वापरता येत असेल, तर वाय-फायवाला पुरे. फोन वडिलांचा असेल आणि तो त्यांच्यासोबत दिवसभर बाहेर राहत असेल, तर मात्र सिमवालाच घ्यावा. नाही तर दुपारचे ऑनलाइन लेक्चर बुडते.

४८०पी दर्जाच्या व्हिडिओला तासाला अर्धा ते एक जीबी डेटा लागतो. रोजच्या दीड जीबीच्या प्लॅनमध्ये दोन-तीन तासांची लेक्चर कशीबशी बसतात. दर्जा १०८०पी ठेवला तर तासाभरातच डेटा संपू शकतो.

पेन कुठलाही चालतो का?

नाही. दोन-तीनशे रुपयांचा रबरी टोकाचा पेन म्हणजे बोटाला पर्याय, एवढेच. तळहात स्क्रीनवर टेकला की रेघा उमटतात, त्यामुळे त्याने गणिते सोडवणे अवघड. लिहिण्यासाठी ‘अ‍ॅक्टिव्ह पेन’ लागतो आणि तो टॅबला चालणारा असावा लागतो. सॅमसंगचा गॅलक्सी टॅब ए९ आणि मूळ वनप्लस पॅड गो या लोकप्रिय मॉडेलना तशी सोय नाही. गॅलक्सी टॅब एस६ लाइटसोबत मात्र एस पेन येतो. टॅबवर लिहायचेच असेल तर पेनपासून सुरुवात करून टॅब निवडावा, उलट नव्हे.

पेन, कव्हर आणि काच यांसाठी बजेटचा काही भाग आधीच बाजूला काढा. १५ हजार हाताशी असतील तर टॅब साडेबारा-तेरा हजारांतच बसवावा.

टॅब कोणी घेऊ नये?

इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना सॉलिडवर्क्स लागते, वाणिज्य शाखेच्या अनेकांना टॅलीप्राइम. ही दोन्ही विंडोज संगणकाची सॉफ्टवेअर आहेत, अँड्रॉइड टॅबवर चालत नाहीत. कीबोर्ड जोडला म्हणून टॅबचा लॅपटॉप होत नाही. वर्षभरात लॅपटॉप घ्यावाच लागणार असेल, तर टॅबचे पैसे राखून ठेवलेले बरे.

पाच-सहा हजारांचे अनोळखी कंपन्यांचे टॅबही टाळावेत. भारतात विकल्या जाणाऱ्या टॅबला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी बंधनकारक आहे. खोक्यावरचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकून खरा की खोटा ते तपासता येते.

विकत घेण्याआधी हेही बघा

महाराष्ट्रात ‘महाज्योती’ ही शासकीय संस्था जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीच्या तयारीसाठी मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते, त्यासोबत टॅब आणि इंटरनेट डेटाही. दहावीनंतर विज्ञान शाखेत प्रवेश घेतलेल्या, इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या नॉन क्रिमीलेअर विद्यार्थ्यांसाठी ही योजना आहे. पात्र असाल तर खरेदीआधी महाज्योतीच्या संकेतस्थळावर अर्जाची मुदत आणि अटी बघा.

अभ्यासाच्या साहित्यालाही लगेच पैसे मोजायला नकोत. ई-बालभारतीवर राज्य मंडळाची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात आहेत, ‘दीक्षा’ अ‍ॅपवर धड्यांनुसार व्हिडिओ आहेत आणि ‘स्वयम्’वर महाविद्यालयीन अभ्यासक्रम.

अभ्यास आणि करमणूक एकाच टॅबवर?

बहुतेक घरांत दुसरा पर्याय नसतो. अनेक अँड्रॉइड टॅबवर दोन स्वतंत्र प्रोफाइल करता येतात. एकात फक्त अभ्यासाची अ‍ॅप, दुसऱ्यात ओटीटी आणि गेम. ‘डिजिटल वेलबीइंग’मधून ठरावीक अ‍ॅपना रोजची वेळ लावता येते. लहान मुलांसाठी गूगलचे ‘फॅमिली लिंक’ आहे. पण ही वेळ मुलांशी बोलून ठरवावी. गुपचूप लावलेले कुलूप उघडायचे कसे, हे पंधरा-सोळा वर्षांचे मूल यूट्यूबवरच शिकते.

दुकानात दहा मिनिटांत हे तपासा

१. नेहमीच्या नोट्सची एक ए-४ पीडीएफ पेन ड्राइव्हवर किंवा ईमेलमध्ये घेऊन जा. मांडणीतल्या टॅबवर उघडा. मोठी न करता वाचता येते का?

२. सेटिंगमधल्या ‘अबाउट टॅबलेट’मध्ये खरी रॅम, मोकळे स्टोरेज आणि शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. तारीख वर्षभर जुनी असेल तर कंपनीने त्या मॉडेलकडे पाठ फिरवली असण्याची शक्यता मोठी.

३. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘प्ले प्रोटेक्ट’ प्रमाणपत्र आहे ना, ते बघा.

४. चार्जर खोक्यात आहे का आणि किती वॉटचा? ८००० एमएएचच्या बॅटरीला १० वॉटचा चार्जर चार तासांच्या आसपास घेतो.

५. कंपनीचे सर्व्हिस सेंटर आपल्या तालुक्यात किंवा निदान जिल्ह्याच्या ठिकाणी आहे का?

६. ऑनलाइन घेत असाल तर खोके उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा आणि बिल जपून ठेवा. सदोष वस्तू परत घ्यायला विक्रेत्याने टाळाटाळ केली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

सेलमध्ये दोन हजार वाचवून साडेआठ इंची टॅब घेतला आणि वर्षभरात मूल पुन्हा झेरॉक्सकडे वळले, तर ते दोन हजार वाचले नाहीत. वाचता येणारे पान, खरी रॅम आणि पुरेशी जागा या तिन्हींत बसणारा सर्वांत स्वस्त टॅब कोणता, एवढाच प्रश्न दुकानदाराला विचारावा.