मातृत्वाचा निर्णय कोणाचा?

वाचकहो, एचआयव्हीची लागण झालेल्या स्त्रीने आई होऊ नये, असे आपणांस वाटते काय? १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात असलेल्या कायद्यानुसार अशा गर्भवतीचा गर्भपात वा नसबंदी, तिला सर्व समजावून देऊन तिची संमती घेतल्यावाचून करता येत नाही. वैद्यकशास्त्रही तिच्याच बाजूचे आहे. उपचारांअभावी बालकास लागण होण्याचा संभव शेकडा १५ ते ४५ असतो; मायलेकरांस वेळीच औषधे मिळाल्यास तो ५ हूनही खाली येतो. सरकारी केंद्रांत ही औषधे विनामूल्य मिळतात. आपल्या घरी अशी लेक वा सून असेल, तर तिच्यासमवेत तेथे अवश्य जावे. परंतु पाळणा हलावा की नाही, हे तिलाच ठरवू द्यावे.